कॅम्पर व्हॅनचे फूटबोर्ड काढू का ठेवू?

व्हॅनला दोन्ही बाजूंनी फूटबोर्ड आहेत, कच्च्या रस्त्यावर दगडाला घासतात, चिखल पण तिथंच साचतो, काढून टाकावेत असं वाटतंय पण आई चढताना त्यावरच पाय देते, काय करू?

– घासतायत ना, मग काढच. फक्त बोल्टची भोकं उघडी सोडू नकोस, गंज घासून प्रायमर मार आणि रबरी बूच बसव, नाहीतर पाणी आत शिरून पत्रा सडतो. बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेव.

– एवढी घाई कशाला? टपावरचं सामान काढायला उभा कशावर राहणार? सरकत्या दाराचा ठेव, दुसऱ्या बाजूचा काढ.

– आईंसाठी घडीची सुटी पायरी घे, पण निघताना आठवणीने आत घ्यायची हां!