घोडी लवकर दमतेय, रिपोर्ट नॉर्मल: माझा अनुभव

तुमची मारवाडी घोडी दुडकीला ठीक चालते पण चौखूर सोडली की दोन मिनिटांत धापा टाकते आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, हे वाचून राहवलं नाही. नुसतं टॉनिक देत बसू नका हो, प्लीज.

आमच्या घोडीचं असंच झालं होतं, दोन महिने सगळे म्हणत होते आळशी झालीये. एकदा खरारा करताना पोटाखाली हात गेला तर सूज, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा, हिरड्याही फिकट. सर्रा निघाला, म्हणजे रक्तातल्या परजीवी जंतूंचा आजार. गोमाशीमुळे पसरतो आणि जंतू रक्तात कधी दिसतात कधी नाही, त्यामुळे एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका, ताप असेल तेव्हाच रक्त काढून घ्या, जमलं तर पीसीआर, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राला विचारा. गोचीड असतील तर पायरोप्लाझ्मोसिस, म्हणजे गोचिडांमुळे होणारा रक्तातल्या परजीवींचा आजार, तोही बघाच.

ते नसेल तर हृदय. डाव्या कोपरामागे स्टेथो लावून पूर्ण मिनिट ऐका, विश्रांतीत २८ ते ४४ ठोके हवेत. मधेच एखादा ठोका ठरावीक अंतराने चुकतो आणि थोडं चालवलं की तो प्रकार जातो, तर बहुतेक वेळा काळजी नसते, पण ठोक्यांना काही तालच नसेल तर ईसीजी काढाच.

आणि पळताना श्वास घेताना घर्रर्र आवाज येतो का? तो असेल तर घशाची एंडोस्कोपी. स्नायूंसाठी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पळवल्यानंतर चार-सहा तासांनी तपासा, उभ्या घोडीचं नॉर्मलच येऊ शकतं.

ताप सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवताय ना?