इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि आपण : अनुभव धागा

इंग्रजी क्रियापदापुढे 'ऑफ', 'अप', 'आउट' असा चिमुकला शब्द आला की अर्थ पार बदलतो, आणि शब्दार्थ पाठ करून इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांची नेमकी तिथेच अडचण होते. आपण कुठे अडलात, ते उदाहरणासह लिहावे, ही विनंती.

नोकरदार, पुणे :
बैठक 'कॉल्ड ऑफ' झाल्याचे ग्राहकाने कळवले, तेव्हा ती पुढे ढकलली आहे असे समजून मी आठवडाभर नव्या तारखेची वाट पाहत राहिले. पुढे ढकलण्यासाठी 'पुट ऑफ' आहे. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच. तेव्हापासून मी वहीत सुटे क्रियापद न लिहिता पूर्ण वाक्य लिहिते. त्यामुळे 'पुट इट ऑफ' म्हणायचे, 'पुट ऑफ इट' नाही, हेही आपोआप लक्षात राहते.

शिक्षिका, सांगली :
वर्गात मी सुरुवात मराठीपासून करते. 'बोलणे' आणि 'बोलून बसणे' यांत फरक काय, असे विचारले की इथे बसण्याचा संबंध नाही, नको ते बोलून गेल्याची चुटपुट आहे, हे मुले लगेच सांगतात. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरकही त्यांना ठाऊक असतो; मग 'ईट अप' म्हणजे ताटात काही न ठेवता संपवणे, हे वेगळे शिकवावे लागत नाही, आणि 'यूज अप', 'ड्राय अप' यांतला 'अप'सुद्धा तोच आहे, हे त्यांचे तेच शोधतात. ही किल्ली सगळीकडे चालत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे मात्र मी सरळ पाठ करून घेते.

अभियंता, सध्या इंग्लंडमध्ये :
मुलाखतीत मी 'कॉलेजमधून पास आउट झालो' असे सांगितले आणि समोरच्या बाईंनी काळजीने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, कारण तिथे त्याचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे. लष्करी प्रशिक्षण पूर्ण होण्याला ब्रिटिशही 'पासिंग आउट' म्हणतात, त्यामुळे आपला वापर निराधार आहे असे मला वाटत नाही. तरीही परदेशी माणसाशी बोलताना मी आता 'ग्रॅज्युएट' हाच शब्द वापरतो.

निवृत्त लिपिक, नाशिक :
मी अनेक वर्षे अर्जांमध्ये 'तोंड देणे' या अर्थी 'कोप अप विथ' लिहीत होतो. 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' बरोबर आहेत, म्हणून हेही बरोबर वाटायचे. योग्य रूप 'कोप विथ' एवढेच आहे, हे मला नातीने दाखवून दिले.