एमपी४/४ : १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, श्रेय इंजिनाचं की गाडीचं?

ध्रुव_ठाणे
फॉर्म्युला वनमध्ये २०२३ला रेड बुलच्या आरबी१९ गाडीने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. टक्केवारीत तिने १९८८च्या मॅकलॅरेन एमपी४/४ला मागे टाकलं, तरी आमच्या घरी बाबा अजून सेना आणि प्रॉस्ट या चालकांच्या त्या लाल-पांढऱ्या गाडीबद्दलच बोलतात. एका मित्राचं म्हणणं असं, की त्या वर्षी होंडाचं इंजिनच एवढं भारी होतं की ते कुठल्याही गाडीत बसवलं असतं तरी ती जिंकली असती. हे खरं आहे का? गाडीच्या रचनेत वेगळं असं काय होतं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

पिटलेन
मित्राचं अर्धं बरोबर आहे. १९८८ हे त्या काळातल्या टर्बोचं (इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारं यंत्र) शेवटचं वर्ष होतं आणि नियमांनी टर्बोचा गळा आवळलेला होता. बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, ४ बारवरून २.५ बारवर आणला, इंधन १९५ लिटरवरून १५० लिटरवर. बिनटर्बोच्या साडेतीन लिटर गाड्यांना इंधनाची मर्यादा नव्हती आणि किमान वजनातही ४० किलोची सूट होती. पुढच्या वर्षी टर्बो बंदच होणार, म्हणून फेरारीने जुनीच गाडी दुरुस्त करून चालवली. होंडाने मात्र त्या एका हंगामासाठी इंजिनावर जीव तोडून काम केलं. त्यांच्या इंधनात ८४ टक्के टोल्युइन हे रसायन होतं. ते सहज वाफ होत नाही, म्हणून आत फवारण्याआधी गरम करावं लागे. दीड लिटरच्या व्ही६मधून ६५०च्या वर अश्वशक्ती, आणि तीही १५० लिटरमध्ये शर्यत पुरी करून. माझ्या मते श्रेय इंजिनाचंच.

गॅरेज_मिरज
पिटलेनदादा, इंजिनाबद्दल लिहिलंय ते सगळं मान्य. पण तेच होंडा इंजिन त्या वर्षी लोटसकडेही होतं, हे विसरून चालणार नाही. इमोलाच्या शर्यतीची पात्रता फेरी (सुरुवातीचा क्रम ठरवणारी) बघा. पहिला सेना, दुसरा प्रॉस्ट, तिसरा लोटसमधला पिके. पिके म्हणजे आदल्या वर्षीचा जगज्जेता. इंजिन तेच, ट्रॅक तोच, आणि सेनापेक्षा तो तीन सेकंदांहून जास्त मागे! शर्यतीतही तो तिसराच आला, एक फेरी मागे राहून. लोटसला वर्षभरात एकही विजय मिळाला नाही. इंजिनच सगळं करत असतं तर असं झालं असतं का?

माझं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. म्हणून मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतो तो तिचा गिअरबॉक्स. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

गाडी जमिनीलगत ठेवायची तर इंजिन खाली बसायला हवं. ते किती खाली जाणार हे ठरतं क्लचवर, कारण क्लचचा घेर क्रँकच्याही (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या) खाली येतो. मॅकलॅरेनने क्लच लहान केला आणि होंडाने क्रँकशाफ्ट खाली घेतला. इथवर छान. पण क्रँक खाली गेला की मागचा गिअरबॉक्सही खाली जातो, आणि चाकं तर जिथल्या तिथेच! म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा शाफ्ट वर चढता, तिरका होणार.

तिरक्या शाफ्टचं काय होतं ते मी रोज बघतो. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाईकाने हौसेने गाडी पुढून दोन इंच उचलून घेतली होती. चार महिन्यांत परत आला, वळताना कटकट आवाज येतोय म्हणून. चाक काढलं तर शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस आतल्या बाजूला सगळीकडे उडालेलं, जॉइंटच्या गोळ्यांवर चरे. दोष जॉइंटचा नव्हता, कोनाचा होता. ही गत साध्या गाडीची. साडेसहाशे अश्वशक्ती त्या कोनातून गेली तर जॉइंट किती शर्यती टिकेल?

मॅकलॅरेनने तीन शाफ्टचा गिअरबॉक्स केला. पीट वाइझमन हा त्यातला माणूस. नेहमी दोन शाफ्ट असतात, इथे तिसरा घालून फिरणं वर उचललं आणि मगच चाकांकडे दिलं. इंजिन तळाला, ड्राइव्ह शाफ्ट जवळपास सपाट. इंजिनाचं झाकण बुटकं झालं, चालकाला जवळजवळ आडवं झोपवलं, आणि मागच्या पंखाला स्वच्छ हवा मिळू लागली.

हे पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. १९८६ला डिझायनर गॉर्डन मरेने ब्रॅबहॅम बीटी५५ अशीच बुटकी केली होती. तिथे बीएमडब्ल्यूचं उभं चार सिलिंडरचं इंजिन ७२ अंश आडवं पाडलं. तेल नीट परत येईना, वर्षभरात गुण मिळाले फक्त दोन. मग मरे मॅकलॅरेनमध्ये आला. तिथे मुख्य डिझायनर स्टीव्ह निकल्स. गाडी नक्की कोणाची यावर आजही वाद होतो. माझ्या मते कल्पनेचं मूळ मरेचं आणि गाडी घडवली निकल्सच्या माणसांनी, त्यामुळे एकट्याचं नाव घेणं मला पटत नाही.

ध्रुव_ठाणे
काका, ड्राइव्ह शाफ्टचं हे मला आज पहिल्यांदा नीट कळलं. मनापासून आभार! मग ती एक शर्यत कुठे गेली?

पिटलेन
इटलीतलं मॉन्झा, ११ सप्टेंबर. प्रॉस्टचं इंजिन गेलं. सेना पुढे होता, दोन फेऱ्या उरलेल्या. आजारी मॅन्सेलच्या जागी विल्यम्स चालवणाऱ्या श्लेसरला एका फेरीने मागे टाकताना दोघांची टक्कर झाली. फेरारीचे बर्गर आणि अल्बोरेटो पहिले-दुसरे आले. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी जाऊन महिनाही झाला नव्हता. मॉन्झाच्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं असेल!

आणि काका, लोटसचा मुद्दा मान्य. इमोलाचं माझ्या लक्षातच नव्हतं.

गॅरेज_मिरज
ध्रुव, बाबांना जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीचं विचार. सुरुवातीलाच सेनाची गाडी बंद पडली होती. तिथली स्टार्टची जागा उतारावर आहे. गाडी घरंगळली, त्याने तशीच गिअरमध्ये चालू केली. तोवर तो चौदावा झाला होता. तिथून शर्यत जिंकली आणि विजेतेपदही. एकूण गुण प्रॉस्टचे १०५ आणि सेनाचे ९४ होते, पण तेव्हा सर्वोत्तम ११ निकालच धरत, त्यामुळे हिशेब ८७ विरुद्ध ९० असा झाला.