जँगो, पोस्टग्रेस, उबंटूवाले ओपन सोर्सच्या बातम्यांचा माग कसा ठेवता?

हळदपेठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी पट्टी आणि बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं सांभाळतो. जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस १४ (डेटाबेस), रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारं), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सगळं क्लाउडवरच्या एका उबंटू २२.०४ सर्व्हरवर. हॅकर न्यूज, रेडिट, यूट्यूब, टेलिग्रामचे ग्रुप असं सगळं बघतो, पण त्यातलं निम्मं एआयबद्दल असतं आणि उरलेलं आमच्या कामाचं नसतं. नेमकं काय वाचावं, काय सोडावं? बातमी वाचल्यावर सर्व्हरवर काय करायचं तेही सांगितलंत तर बरं होईल.

---

प्रीतिसंगम (कराड)

वाचायचं नंतर बघू. आधी सर्व्हरवर काय काय चालतं त्याची यादी करा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: आवृत्ती कोणती, कुठून बसवलं (उबंटूच्या ॲप्टने की पायथनच्या पिपने), आणि सपोर्ट कधी संपतो. शेवटच्या तारखा एन्डऑफलाइफ डॉट डेट या साइटवर एकत्र मिळतात. तुमच्या यादीत जँगो ४.२ एप्रिल २०२६, पायथन ३.१० ऑक्टोबर २०२६, पोस्टग्रेस १४ नोव्हेंबर २०२६, उबंटू २२.०४ चा साधा सपोर्ट २०२७ पर्यंत. पायथन आणि पोस्टग्रेस उबंटूच्याच भांडारातून घेतले असतील तर त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२७ पर्यंत उबंटूवाले देतात, त्यामुळे त्या दोन तारखांनी घाबरू नका. जँगो मात्र पिपने बसवलेलं असणार. त्याला वाली कोणी नाही, ती तारीख खरी धरा.

पुढचा मुक्काम जँगो ५.२. ती एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती आहे, एप्रिल २०२८ पर्यंत चालेल, आणि पायथन ३.१० व पोस्टग्रेस १४ दोन्हींवर बसते. म्हणजे सर्व्हर हलवायची गरज नाही. ६.० कडे जाऊ नका: तिला किमान पायथन ३.१२ लागतो आणि ती एलटीएसही नाही.

जाताना एक खड्डा आहे. ५.० पासून यूज-टीझेड ही सेटिंग आपोआप चालू असते. प्रोजेक्ट जुना असेल आणि सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती ओळच नसेल, तर डेटाबेसचं कनेक्शन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) जातं. ओआरएममधून (जँगोच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागातून) काढलेलं बरोबर दिसतं, पण कच्च्या एसक्यूएलने काढलेल्या रिपोर्टात पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदी आदल्या तारखेत पडतात. हिशोब जुळेना म्हणून पट्ट्या उलगडत बसाल. अपग्रेडच्या आधीच ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून टाका.

आता बातम्या. एक फीड रीडर घ्या, म्हणजे वेगवेगळ्या साइटचं नवीन एका जागी गोळा करणारं सॉफ्टवेअर. मिनिफ्लक्सला फक्त पोस्टग्रेस लागतं, ते तुमच्याकडे आहेच. फक्त डेटाबेस आणि युजर वेगळा द्या. फ्रेशआरएसएस पीएचपीवर चालतं आणि एसक्यूलाइटवरही भागतं. त्यात जँगोचा ब्लॉग, पोस्टग्रेसच्या बातम्या आणि उबंटूच्या सुरक्षा सूचना टाका. पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ठरलेल्या असतात, त्या सरळ कॅलेंडरवर चढवा.

बाकीच्या लायब्रऱ्यांसाठी गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रिलीजेस डॉट ॲटम' जोडलं की फीड तयार. काही प्रोजेक्ट रिलीज काढतच नाहीत, नुसते टॅग लावतात. तिथे 'टॅग्ज डॉट ॲटम'. या फीडमध्ये बीटा आणि आरसी (पक्क्या रिलीजच्या आधीच्या चाचणी आवृत्त्या) पण येतात, ते मिनिफ्लक्सच्या ब्लॉक नियमाने गाळा. नियमात नुसतं 'आरसी' घालू नका, 'सोर्स' आणि 'सर्च' या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही ती दोन अक्षरं आहेत आणि चांगल्या बातम्या गळतात. आरसीला लागून आकडा असेल तरच गाळ, असं लिहा.

---

कासपठार (सातारा)

यादीचं पटलं. पण यादीपुरतंच वाचायचं हे मला मान्य नाही. परवाना बदलला, प्रोजेक्ट फुटला, सांभाळणारा सोडून गेला, या गोष्टी रिलीजच्या फीडमध्ये नीट कळत नाहीत. रेडिसचंच बघा. मार्च २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ७.४ पासून बीएसडी हा मोकळा ओपन सोर्स परवाना बंद. त्याच महिन्यात ७.२.४ वरून व्हॅल्की हा वेगळा प्रोजेक्ट निघाला, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल ३ चा, म्हणजे पुन्हा ओपन सोर्स परवान्याचा, पर्याय आला. तुमच्या २२.०४ वर रेडिस ६.० आहे, बीएसडीतलंच, म्हणून आज काही करायचं नाही. पण पुढच्या सर्व्हरवर काय बसवायचं हा निर्णय या बातमीवरच होणार.

यासाठी रोज बघायची गरज नाही, आठवड्याला एकदा पुरे. एलडब्ल्यूएन डॉट नेटचा साप्ताहिक अंक गुरुवारी निघतो. ताजा अंक वर्गणीदारांना, आणि आठवड्याभराने तोच सगळ्यांना फुकट. परवाने, कर्नल, पायथन यावर इतकं शांतपणे लिहिणारं दुसरं ठिकाण क्वचितच. हॅकर न्यूजसाठी एचएनआरएसएस नावाची सेवा आहे, तिच्या फीडच्या पत्त्यात किमान गुण ठरवता येतात. ३०० गुण ठेवा, गर्दी पुष्कळ हटते. यूट्यूब आणि टेलिग्राम सोडा की राव. तिथे येतं ते या दोन ठिकाणचंच शिळं.

सुरक्षेच्या बातमीत मात्र पहिल्या दिवशीच्या मथळ्यावर फाइल बंद करू नका. लॉगफोरजेचं (जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं) डिसेंबर २०२१ मध्ये २.१५.० आलं, ते अपुरं निघालं म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळं एकाच महिन्यात. पहिल्या दिवशी पॅच मारून निवांत झालेल्यांना परत तीनदा उठावं लागलं.

---

हळदपेठ

दोघांचेही आभार. यादी करायला घेतली आणि एक शंका आली. एनजिनएक्स १.१८ दाखवतंय. एका ग्राहकाकडच्या स्कॅनच्या रिपोर्टात ते जुनं आणि धोक्याचं म्हणून लाल आलंय. ॲप्टला विचारलं तर म्हणतं नवीन काही नाही. खरं कोण?

---

हरिपूर (सांगली)

ॲप्ट खरं. उबंटू आणि डेबियन मूळ आवृत्तीचा आकडा बदलत नाहीत, नवीन आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी जुन्यात आणून बसवतात. म्हणून पुढचा आकडा १.१८.० तसाच राहतो आणि शेपटीतला उबंटूचा आकडा वाढतो. स्कॅनर बहुतेक वेळा वेब सर्व्हरने सांगितलेला पुढचा आकडाच बघतो. रिपोर्टातला सीव्हीई क्रमांक (प्रत्येक सुरक्षा त्रुटीला दिलेला जाहीर क्रमांक) उबंटूच्या सुरक्षा पानावर शोधा. तिथे तुमच्या रिलीजपुढे 'फिक्स्ड' आणि पॅकेजचा पूर्ण आकडा असेल. तो सर्व्हरवरच्या आकड्याशी ताडून ग्राहकाला उत्तर द्या. स्कॅनरचं समाधान करायला म्हणून बाहेरच्या भांडारातून नवीन एनजिनएक्स आणाल, तर पुढच्या दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्या गळ्यात.

रेडिसचं तसं नाही, ते वेगळं तपासा. ते उबंटूच्या भांडारातल्या 'मेन' मध्ये नाही, 'युनिव्हर्स' मध्ये आहे, आणि युनिव्हर्समधल्या पॅकेजांना साध्या सपोर्टची हमी नाही. तिथल्या दुरुस्त्या उबंटू प्रोमधून येतात. पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे, छोट्या धंद्यालाही चालतं. 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' ही कमांड चालवली की कुठली पॅकेजं कशाखाली येतात ते दिसतं.

पिपकडचं ॲप्ट कधीच बघत नाही. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये प्रत्येक आवृत्ती नेमकी लिहा आणि पिप-ऑडिट (त्यातल्या माहीत असलेल्या त्रुटी दाखवणारं साधन) रोज क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवा. कोड गिटहबवर असेल तर डिपेंडाबॉट या तिथल्याच साधनाच्या लायब्रऱ्यांबद्दलच्या सूचना चालू करा. जँगो-अनाउन्स या मेलिंग लिस्टवरही नाव घाला: सुरक्षा रिलीज कधी येणार आणि किती गंभीर, हे साधारण आठवडाभर आधी तिथे सांगतात.

आणि आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू असेल तर सर्व्हरचं घड्याळ बघा. त्याचा टायमर सकाळी सहाचा असतो, वर तासाभरापर्यंतचा उशीर. क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर असतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते साडेबारा. पोस्टग्रेसची दुरुस्ती आली की सर्व्हिस रीस्टार्ट होते, आणि यार्डात पट्ट्या निघत असताना सगळ्या दुकानांचे कनेक्शन तुटतात. 'सिस्टमसीटीएल एडिट' ने ॲप्ट-डेली-अपग्रेडचा टायमर उघडा, 'ऑनकॅलेंडर' ची एक ओळ रिकामी लिहा आणि तिच्याखाली नवीन वेळ द्या. वेळेपुढे 'एशिया कोलकाता' हा झोन लिहिता येतो. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळही चालू राहते आणि टायमर दिवसातून दोनदा सुटतो.

कर्नलचं अपडेट मात्र रीबूटशिवाय लागू होत नाही, आणि आपोआप रीबूट मुळात बंद असतं. रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार झाली का हे त्याच क्रॉनमध्ये बघा, आणि यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी रीबूट उरका.