लांडराट म्हणजे कलेक्टर की तहसीलदार?

बालाघाट: प्रशियातल्या एका युंकरचं (तिथल्या सरदार-जमीनदाराचं) चरित्र मराठीत आणायचंय. मजकूर असा: 'रिटरगुटचा मालक, ३००० मॉर्गेन जमीन, पुढे लांडराट.' (रिटरगुट म्हणजे सरदारी शेतवाडी, मॉर्गेन हे जमिनीचं माप, लांडराट हा सरकारी अधिकारी.) जागीरदार आणि जिल्हाधिकारी लिहिलं तर चालेल का? मॉर्गेनचे एकर किती?

गोदाकाठ: प्रशियाचा मॉर्गेन २५५३ चौरस मीटरचा, म्हणजे आपले २५ गुंठे. तुमचे झाले १९०० एकर, थोडे कमीच. दुसऱ्या जर्मन राज्यांत मॉर्गेन वेगळा भरतो, तेव्हा गाव कुठल्या प्रांतातलं ते आधी बघा.

जागीरदार नको. निजामाचा जागीरदार सारा खायचा, पेरणीशी त्याला देणंघेणं नसायचं. युंकर स्वतः शेती करवून घ्यायचा, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) विकायचा, बटाट्याची दारू गाळायचा. न्यायदान त्याच्या हातून १८४९ ला गेलं, गावची पोलिसी १८७२ ला. (कोर्ट-पोलीस मोठ्या जागिरींत आपल्याकडेही होतेच.) 'जमीनदार' लिहून तळटीप द्या.

दुधना: लांडराट क्राइसचा, म्हणजे तिथल्या कारभाराच्या एका विभागाचा, प्रमुख. १८१५ च्या नियमात क्राइसची वस्ती २० ते ३६ हजार धरली होती, म्हणजे जिल्हा नव्हेच, फार तर तालुका. पण तहसीलदारही म्हणू नका. तहसीलदार बदलीवर येतो-जातो. लांडराट बहुधा तिथलाच जमीनदार. क्राइसमधले जमीनदार नावं सुचवायचे, राजा नेमायचा. सरळ 'लांडराट'च ठेवा. नावावर जाऊ नये, निजामाचा अव्वल तालुकदार अख्खा जिल्हा चालवायचा!

नोकरी सरकारची, जीव जमिनीत. १८९९ ला कालव्याचं विधेयक आलं. कालव्यातून परदेशी धान्य आत स्वस्तात पोचेल ही जमीनदारांची धास्ती. विधिमंडळात बसलेल्या लांडराटांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पदावरून हटवलं.

बालाघाट: आणि '१८०७ ला कुळं मुक्त झाली' हे वाक्य?

गोदाकाठ: तेवढ्यावर सोडलंत तर वाचक फसेल. 'कूळ' शब्दही सैल पडतो, ही माणसं जमिनीला बांधलेली होती. हुकूम १८०७ चा, सगळीकडे लागू ११ नोव्हेंबर १८१० ला. वेठ मात्र जमीन देऊन सोडवावी लागली: १८११ च्या कायद्याने वंशपरंपरेच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मालकाला, बाकीच्यांचा निम्मा. ६० मॉर्गेनवाल्याकडे उरले ४०, म्हणजे २५ एकर. १८१६ ला आणखी आवळलं: स्वतःची औताची जोडी बाळगण्याइतकी शेती नसेल तर वेठ अशी सोडवण्याचा हक्कच नाही.

असे पुष्कळजण वाड्यावर राबायला आले. तिथल्या 'इन्स्टमान'ला सालगडी म्हणता येईल, पण आपला गडी पाडव्याला एकट्याचं साल ठरवतो. इन्स्टमानला सोबत आणखी एक-दोन माणसं कामाला द्यावी लागत. बदल्यात घर, बटाट्याला तुकडा आणि मळणीतला वाटा. वाफेचं मळणीयंत्र आल्यावर तो वाटाच आटला.