टोकियोत किराणा कुठे घ्यावा? (मंडळाच्या ईमेल-यादीवरील पत्रव्यवहार)

विषय: टोकियोत नवीन, किराण्याबद्दल मदत हवी

सप्रेम नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं नुकतेच ओमोरीला राहायला आलो आहोत. जवळच्या सुपरमार्केटात भाजी-दूध मिळतं, पण पाकिटांवरचं वाचता येत नाही. पोळीची कणीक, डाळी, पोहे, साबुदाणा कुठून घ्यावा? आमच्याकडे मांसाहार नाही. गणपतीत उकडीच्या मोदकांना चालेल अशी पिठी इथे मिळते का? पुढच्या महिन्यात सासूबाई पुण्याहून येणार आहेत, त्यांना काय आणायला सांगू?

— ओमोरीहून

विषय: उत्तर: टोकियोत नवीन, किराण्याबद्दल मदत हवी

नमस्कार ताई,

सगळं एकाच दुकानात शोधू नका. डाळी, कणीक, पोहे, साबुदाणा आणि फ्रोझन माल महिन्यातून एकदा भारतीय दुकानातून आणा. दूध, दही, लोणी आणि भाजी घराजवळून घ्या. उलट केलंत तर भाजीला दुप्पट पैसे जातील आणि कणीक मनासारखी मिळणार नाही.

ओमोरीहून सगळ्यात सोपं म्हणजे ओकाचिमाची. केइहिन-तोहोकू लाइन थेट जाते. मात्र शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून इतर दिवशी दुपारची जलद गाडी ओकाचिमाचीला थांबत नाही. तेव्हा उएनोला उतरा आणि आमेयोको बाजारातून चालत खाली या. वाटेत आमेयोको सेंटर बिल्डिंगचं तळघर लागतं. तिथे थाई आणि चिनी सामान असतं, म्हणजे चिंच, नारळाचं दूध, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, हिरव्या मिरच्या. मासळीचे गाळेही तिथेच आहेत, त्यामुळे वासाची तयारी ठेवा. जवळच ओत्सुया नावाचं जुनं दुकान आहे. अख्खे मसाले, कडधान्यं आणि सुका मेवा तिथे चांगला मिळतो.

दुसरं ठिकाण शिन-ओकुबो, यामानोते लाइनवर. स्टेशनपासून दोन-तीन मिनिटांवर इस्लामिक योकोचो नावाची गल्ली आहे. तिथल्या दुकानांत बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी आणि भारतीय माल एकत्र असतो. डाळींचे भाव बहुधा इथेच सगळ्यात कमी. मोठ्या पाकिटांवरची तारीख मात्र उलटून बघा. अंबिका नावाचं भारतीय दुकान शिन-ओकुबोत आहे आणि कुरामाएलाही. आपल्याकडच्या ब्रँडची पिठं आणि मसाले हवे असतील तर तिथे जा.

तिसरं निशी-कासाई, तोझाइ लाइनवर. आपली वस्ती तिथे मोठी आहे, म्हणून ज्वारी-बाजरीचं पीठ, भगर, मटकी, फ्रोझन कढीपत्ता आणि खवलेलं खोबरं यांची निवड तिथे जास्त. ओमोरीहून दूर पडतं. सणाच्या आधी एक फेरी केलीत तरी पुरे.

भाजीत भेंडी (ओकुरा) उन्हाळ्यात जाळीच्या छोट्या पिशवीत मिळते, आठ-दहा नग. बोटापेक्षा लांब झालेली घेऊ नका, धागे निघतात. कारलं म्हणजे गोया. ते जाड आणि पाणीदार असतं, भरल्या कारल्यांना नाही पण कापांना चांगलं. लाल भोपळा (काबोचा) आपल्यापेक्षा कोरडा आणि गोड असतो आणि लवकर शिजतो, पाणी निम्मंच घाला. पालेभाजीत मेथी शोधत बसू नका. कोमात्सुना घ्या आणि फोडणीत कसुरी मेथी टाका. अळकुड्या हव्या असतील तर सातोइमो घ्या.

अन्नावर कर ८ टक्के, दारूवर आणि बाकी वस्तूंवर १० टक्के. फळीवर दोन किमती छापलेल्या असतात, लहान अक्षरातली बहुधा करासहित असते. पैसे तेवढेच द्यायचे.

— निशी-कासाईहून

विषय: उत्तर: पिठं, दूध आणि शाकाहारी पाकिटं

मंडळी, पिठांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन माणसाचे पैसे वाया जातात ते इथेच.

हाकुरिकिको म्हणजे केकचा मैदा. चूरिकिको उदोनचा (जाड शेवयांचा), म्हणजे मध्यम. क्योरिकिको पावाचा, चिवट. यातल्या कशाचीही मऊ पोळी होत नाही. झेनर्यूफुन म्हणजे गव्हाचं पूर्ण पीठ, पण ते रोलरवर दळून कोंडा नंतर मिसळलेलं असतं. चक्कीच्या दगडात स्टार्चचे कण फुटतात म्हणून आपली कणीक पाणी धरते. हे पीठ धरत नाही, पोळी कडेला चिरते. भारतीय आटा संपलाच तर झेनर्यूफुन आणि चूरिकिको निम्मं निम्मं घ्या, कोमट पाण्याने मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

बेसन समजून किनाको घेऊ नका. रंग तोच, पण ते भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. त्याचं पिठलं दाट होत नाही आणि भजी तेलात विरघळतात. तापिओका म्हणून मिळणारे मोठे गोळे खिचडीला चालत नाहीत, साबुदाणा भारतीय दुकानातूनच आणा. ज्वारी समजून ताकाकिबी घेतलीत तर ती बहुधा चिकट जातीची निघते, तिची भाकरी थापली जात नाही.

मोदकांची काळजी नको. जोशिन्को कुठल्याही सुपरमार्केटात असते. ती साध्या, न चिकटणाऱ्या तांदळाची बारीक पिठी. शेजारीच शिरातामाको असते, ती चिकट तांदळाची. ती घेतलीत तर मोदक वाफेत बसतात. जपानी तांदूळ मुळातच आपल्या आंबेमोहोरापेक्षा चिकट, म्हणून वाटीला वाटी पाणी घालू नका. एका वाटी पिठीला पाऊण वाटीपासून सुरुवात करा, झाकून वाफ आणा आणि मळताना लागेल तसा पाण्याचा हात घ्या. पारी फार पातळ करू नका. गूळ भारतीय दुकानातला. ओकिनावाचा काळा गूळ (कोकुतो) चवीला उत्तम, पण सारण काळं पडतं आणि थोडं खारट लागतं.

दुधाच्या खोक्यावर 'ग्यूनयू' असेल तर ते निव्वळ दूध. वाचता येत नसेल तर खोक्याच्या वरच्या कडेला बोट फिरवा. तिथे अर्धगोल खाच असली की साधं दूध. ही खाच अंधांसाठी ठेवलेली आहे. कमी फॅटच्या किंवा मिश्र दुधाला ती नसते. इथलं बहुतेक दूध १२०-१३० अंशांवर दोन-तीन सेकंद तापवलेलं आणि एकजीव केलेलं असतं. म्हणून त्यावर साय धरत नाही आणि पनीर भुसभुशीत होतं. पनीरसाठी 'तेइओन साक्किन', म्हणजे ६३-६५ अंशांवर अर्धा तास तापवलेलं दूध शोधा. थोडं महाग आहे, पण पनीराच्या वड्या पडतात.

तूप घरी कढवा. 'शोकुएन फुशियो' लिहिलेलं बिनमिठाचं लोणी २०० ग्रॅमच्या विटेत मिळतं, त्यातून साधारण १५०-१६० ग्रॅम तूप निघतं. विरजणाला 'बल्गेरिया' नावाचं साधं दही चालतं. कॅस्पियन प्रकारचं घेऊ नका, दही तारेचं होतं. विरजण किंवा मोड यांसाठी राइस कुकरचं 'गरम ठेवा' बटण वापरू नका. आतलं तापमान साठ-सत्तर अंशांवर जातं आणि दोन्ही मरतात.

शाकाहारासाठी पाकिटावरच्या सक्तीच्या ॲलर्जी-यादीवर विसंबू नका. त्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणे, कोळंबी वगैरे आहेत. डुक्कर, कोंबडी, गाय, जिलेटिन यांचा उल्लेख त्या यादीत सक्तीचा नाही. पूर्ण घटक-यादीवर फोनचा कॅमेरा धरा आणि लार्ड (डुकराची चरबी), पोर्क एक्स्ट्रॅक्ट, चिकन एक्स्ट्रॅक्ट, कात्सुओ (एक मासा) हे शब्द शोधा. पाव, वेफर्स, तयार रस्स्याच्या वड्या आणि सॅलडचं ड्रेसिंग यांत ते हमखास सापडतात.

— कावासाकीहून

विषय: उत्तर: भारतातून काय आणावं

नमस्कार,

सासूबाईंना ताजं काहीही आणायला सांगू नका. कढीपत्ता, लिंबं, हिरव्या मिरच्या, आंबे, काही नाही. ऑक्टोबर २०२० पासून घरच्या वापरापुरत्या थोड्या मालालाही निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर माल विमानतळावरच टाकून देतात. डाळी, कडधान्यं आणि पेरता येईल असं कुठलंही बी यालाही हेच लागू. हापूस जपानमध्ये २००६ पासून येतो, पण वाफेची प्रक्रिया करून, व्यापारी मार्गानेच. रस हवा तर डबाबंद घ्या, भारतीय दुकानांत असतो.

वाळवलेले मसाले दुकानाच्या सीलबंद पाकिटात असले तर प्रमाणपत्राशिवाय चालतात. म्हणून काळा किंवा गोडा मसाला घरचा डब्यात भरून आणण्यापेक्षा पॅकबंद आणा. मांसाचा अंश असलेलं काहीच आणता येत नाही, सूपची पाकिटंसुद्धा. शंका असेल ती वस्तू सामान घेतल्यावर, कस्टमच्या आधी, वनस्पती-तपासणीच्या टेबलावर स्वतःहून दाखवा. लपवलेलं सापडलं तर दंडाची तरतूद आहे.

जागा वजनदार आट्यावर घालवू नका, तो इथे मिळतो. चकलीची भाजणी, थालिपीठाची भाजणी, मेतकूट अशी पॅकबंद पिठं आणि हिंग आणा.

— योकोहामाहून

विषय: उत्तर: साठवण आणि घरपोच माल

एक राहिलं. जून-जुलैच्या पावसाळ्यात आणि पुढच्या उकाड्यात उघडलेली कणीक, रवा, बेसन बाहेर ठेवू नका. किड्यांपेक्षा डोळ्यांना न दिसणारे माइट्स जास्त वाईट. अशा पिठाने इथे लोकांना तीव्र ॲलर्जी झालेली आहे. घट्ट डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. डाळी आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. इथले फ्रीझर लहान असतात, म्हणून दहा किलोची गोणी स्वस्त दिसली तरी तिघांना पाच किलो बरी.

ऑनलाइन मागवत असाल तर फ्रोझन माल 'कूल' (थंड ठेवून आणणाऱ्या) सेवेने येतो, त्याचं भाडं वेगळं लागतं. इमारतीच्या पार्सल-कपाटात तो ठेवत नाहीत, घरी कोणीतरी लागतं. मागवतानाच संध्याकाळची १८ ते २० किंवा १९ ते २१ ही वेळ निवडा. चुकलंच तर दारात पडलेल्या चिठ्ठीवरच्या क्यूआर कोडवरून त्याच दिवशी पुन्हा वेळ घ्या. कोरडा माल वेगळ्या ऑर्डरमध्ये टाकलात तर तो कपाटात ठेवता येतो.

— ओजिमाहून