अस्तित्ववादी थेरपी घ्यावी की कोचिंग? गोव्यात राहून सुरुवात कशी करावी – मदत हवी आहे

सांजवात:

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. वय 48. पोस्ट लांब होणार आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता. भाऊ परदेशी, आई थकलेली, त्यामुळे ते आमच्याकडेच असत. शेवटची वर्षं तर अंथरुणावरच. नोकरी सांभाळून त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, भरवणं, रात्रीचं कूस बदलणं, सगळं मीच बघायची. गेल्या पावसाळ्यात ते गेले. मुलगाही शिकायला पुण्याला गेला. नवरा समजूतदार आहे, पैशांची चणचण नाही. येणारे-जाणारे सांगतात, "आता तू सुटलीस, जरा फिर, स्वतःकडे बघ."

आणि तेच मला जमत नाहीये. दुःख होतं, ते कळतं. बाबांची आठवण आली की रडू येतं आणि रडून बरंही वाटतं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे. संध्याकाळी घरी आले की आता मला कोणी हाक मारत नाही. काय करायचं ते सर्वस्वी माझ्यावर आहे, आणि त्याची मला भीती वाटते. पुढची वीस-पंचवीस वर्षं मी नेमकी कशासाठी उठणार आहे? इतकी वर्षं हा प्रश्न पडायला फुरसतच नव्हती. शिवाय बाबांना इतक्या जवळून जाताना पाहिल्यावर आपलीही पाळी येणार आहे हे नुसतं माहीत होतं, ते आता पटलं आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आले. थायरॉइड, बी-12, साखर, सगळं व्यवस्थित. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सध्या तरी हे नैराश्य वाटत नाही, औषधाची गरज नाही. झोप-भूक बिघडली, कामात लक्ष लागेनासं झालं किंवा मरणाचे विचार यायला लागले तर लगेच या. बोलण्यासाठी कुणीतरी असेल तर चांगलं, असंही म्हणाले.

म्हणून वाचायला लागले आणि अस्तित्ववादी थेरपीपाशी, म्हणजे जगण्याच्या मूळ प्रश्नांवर बोलून काम करणाऱ्या पद्धतीपाशी, येऊन थांबले. अर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1980 साली माणसाला न चुकणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थाचा अभाव. वाचताना अंगावर काटा आला, कारण माझ्या प्रत्येक संध्याकाळी हे चारही हजर असतात. स्वातंत्र्यसुद्धा ओझं होऊ शकतं हे कुणीतरी गंभीरपणे म्हटलं आहे याचाच मोठा आधार वाटला. व्हिएन्नाचे व्हिक्टर फ्रँकल यांच्याबद्दलही वाचलं. छळछावण्यांतून वाचलेला हा डॉक्टर म्हणतो की अर्थ शोधणं ही माणसाची मूळ प्रेरणा आहे, आणि टाळता न येणाऱ्या दुःखातही आपण त्याच्याकडे कसे बघतो एवढं तरी आपल्या हातात राहतं.

आता अडचण. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ बाई. ऑनलाइन, मराठीतून. अस्तित्ववादी दृष्टिकोनातून काम करतात. किती सत्रं लागतील ते आधी सांगता येणार नाही म्हणाल्या, आणि पहिल्या फोनवर सांगितलं कमी, विचारलं जास्त. दुसरे, पणजीत प्रत्यक्ष भेटणारे एक लाइफ कोच. इंग्रजीतून बोलतात, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, तीन महिन्यांचं पॅकेज, ध्येय ठरवायचं आणि दर भेटीत पुढचं पाऊल टाकायचं. माणूस प्रामाणिक वाटला. त्यांच्याशी बोलून आले त्या दिवशी खूप हुरूप आला होता. पुण्याच्या बाईंशी बोलल्यावर हुरूप आला नाही, पण बराच वेळ त्यांचाच एक प्रश्न मनात होता: "बाबांची सेवा करताना तुम्ही कोण होतात?"

मी आजारी नाही, मग थेरपी कशाला, असं घरातले म्हणतात. आई म्हणते मंगेशीला जा, शांतादुर्गेला जा. जाते मी, कीर्तनालाही बसते, मनाला खरंच शांतता मिळते. पण घरी आल्यावर प्रश्न तिथेच असतो. आणि गोवा एवढंसं. फोंड्यात कुठे समुपदेशनाला गेले तर बाहेरच्या बाकावर ओळखीची मावशी भेटणारच.

या दोन्हींतलं काय निवडावं, निवडताना काय तपासावं, आणि कुणी या वाटेने गेलं असेल तर तुमचा अनुभव काय, एवढं सांगाल का?

डिचोलीकर:

ताई, बाबांबद्दल वाईट वाटलं. तुम्ही फार निगुतीने केलंत त्यांचं.

माझा अनुभव सांगतो. मी लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर होतो. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात काय झालं ते इथल्या गोंयकारांना माहीत आहे. ट्रक दारात उभे, बार्जवाले घरी, हप्ते चालू. सुरू होतात म्हणेपर्यंत 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केली. मी तेव्हा कोचिंग घेतलं आणि मला त्याचा स्पष्ट फायदा झाला. आपल्याकडे काय कौशल्य आहे, कुठे विकता येईल, कुठला कोर्स करावा, कुणाला फोन लावावा, हे सगळं कागदावर आलं. दर आठवड्याला कुणीतरी "केलंत का?" विचारणारं होतं. त्यातून नवी नोकरी लागली.

नोकरी लागल्यावर मात्र मी आतून कोसळलो. म्हणजे बाहेरून सगळं ठीक, पण मी कोण हेच कळेना. वडील खाणीवर, मी खाणीवर, गावातली ओळख तीच. कोचना सांगितलं तर ते म्हणाले, हे माझ्या कामाच्या पलीकडचं आहे, तुम्ही थेरपिस्टकडे जा. त्यांचे आजही उपकार मानतो. थेरपीत पहिले काही महिने काही घडतंय असंच वाटत नव्हतं. कुणी उपाय देत नाही, गृहपाठ नाही. पण हळूहळू लक्षात आलं की मी खाणीचं सुतक पाळलंच नव्हतं.

तुमचं वाचून मला वाटतं, तुम्हाला ध्येय सापडत नाही ही अडचण नाहीये. ध्येय कुणासाठी, हे सापडत नाहीये. त्यामुळे आधी पुण्याच्या बाई. कोच पळून जात नाहीत.

माधुकरी:

विपश्यना करून पाहा. किंवा आसगाव-हणजूण बाजूला हल्ली कितीतरी रिट्रीट असतात, आठवडाभर जाऊन या, मन ताजं होतं.

आल्तिनो:

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विपश्यनेसारखी मौनाची शिबिरं चांगली असतील, पण शोक ताजा असताना एकदम इतकं मौन सगळ्यांना झेपत नाही. ताई, ते आत्ता नको.

आधी "आजारी नाही मग थेरपी कशाला" याबद्दल. अस्तित्ववादी परंपरा मुळात आजाराच्या भाषेत बोलतच नाही. तिची मुळं तत्त्वज्ञानात आहेत, किर्केगार्ड, हायडेगर, सार्त्र. स्वित्झर्लंडमध्ये बिन्सवांगर आणि बॉस यांनी ती दवाखान्यात आणली, अमेरिकेत रोलो मे यांनी, ब्रिटनमध्ये एमी व्हान डर्झन यांनी. त्यांचं म्हणणं, जगण्यातल्या अडचणी म्हणजे बिघाड नव्हे, त्या माणूस असण्याचाच भाग आहेत. म्हणून तिथे ठरलेलं तंत्र कमी आणि बारकाईने एकत्र बघणं जास्त. ज्याला लगेच हातात काही हवं असतं तो यात वैतागतो, हे आधीच माहीत असू द्या. संशोधनाचा पुरावा वर्तनोपचाराइतका, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीइतका, भरघोस नाही. त्यातल्या त्यात अर्थावर केंद्रित पद्धतींचा बरा आहे, विशेषतः कॅन्सरच्या रुग्णांसोबत झालेल्या कामात.

आणि अस्तित्ववादी कोचिंग अशीही एक शाखा आहे. त्यामुळे नाव बघून निवडू नका, समोरचा माणूस काय करतो ते बघा.

तपासायचं काय? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, 1992 च्या कायद्याखाली. ही नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येते. समुपदेशक बऱ्याचदा त्या यादीत नसतात, त्यांच्यासारख्यांना कायद्याच्या चौकटीत आणणारा संबंधित आरोग्यसेवांचा कायदा 2021 चा आहे. म्हणून तुमच्या बाईंना सरळ विचारा: पदव्युत्तर शिक्षण कशात, अस्तित्ववादी पद्धतीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि तुमच्या कामावर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख, कोणाचं? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगला थेरपिस्ट त्याने दुखावत नाही.

कोचिंगला आपल्याकडे कायदाच नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन ही 1995 पासूनची खासगी संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पातळीला किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा अनुभव लागतो, दुसरीला 125 आणि 500, सर्वांत वरच्या पातळीला 200 आणि 2,500. तेव्हा तुमच्या कोचची पातळी कुठली ते विचारा. यातला एकही तास मानसिक आजार ओळखण्यासाठी असायलाच हवा असं नाही, हेही लक्षात घ्या. गोपनीयतेतही फरक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. कोचबरोबर तुमचं रक्षण करतो तो फक्त तुमच्यातला करार, तर तो लेखी घ्या. आणि दोघांपैकी कुणालाही सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

पदवीवरच सगळं अवलंबून असतं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या गोव्यातच संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या लोकांना तयार केलं. त्यांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या रुग्णांना खरोखर मदत केली. 2016 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. ती पद्धत वेगळी, कृतीवर भर देणारी, तुमच्या प्रश्नासाठी नव्हे. पण त्या लोकांच्या मागे नेमकं प्रशिक्षण आणि सतत देखरेख होती, आणि मी सुपरव्हिजनचं विचारायला सांगते ते याचसाठी.

शेवटी, मन फारच खचलं, जगू नये असं वाटलं, तर थेरपी-कोचिंग बाजूला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मोफत, चोवीस तास. आणि बांबोळीला गोमेकॉजवळची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळची, मनोविकार संस्था आहेच, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथे जायला अजूनही लोक कचरतात, ते मला खरंच वाईट वाटतं.

कावळेकर_काकी:

बाळा, एक विचारू? नवऱ्याशी हे सगळं असंच बोललीस का, जसं इथे लिहिलंस? माझे हे गेले तेव्हा मीही कुणाशी बोलले नव्हते. थेरपी घेच, पण घरातलं माणूस बाहेर ठेवू नकोस.

सांजवात:

सर्वांना देव बरें करूं. डिचोलीकर, "ध्येय कुणासाठी" हे वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. काकी, काल रात्री नवऱ्याला हा धागाच वाचायला दिला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मलाही बाबांच्या खोलीत जायला होत नाही. आम्ही इतके महिने एकाच घरात हे वेगवेगळं धरून बसलो होतो.

आल्तिनो, पुण्याच्या बाईंना तुमचे प्रश्न मेसेज करून विचारले. तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र दोन्हींचं शिक्षण आहे, अस्तित्ववादी पद्धतीचा वेगळा अभ्यासक्रम केला आहे, सुपरव्हिजनला नियमित जातात. झोप-भूक बिघडली तर मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घेऊनच पुढे काम करू, हे त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांच्याकडे सुरू करते आहे. कोचना नम्रपणे कळवलं की आत्ता नाही. त्यांनीही समजून घेतलं. पुढे काही शिकायचं, सुरू करायचं ठरलं तर त्यांच्याकडे जाईन असं वाटतं.

एक अडचण राहिली. ऑनलाइन बोलायला घरात एकांत नाही, आई आता आमच्याकडेच असते आणि तिला ऐकू जाऊ नये असं बरंच काही आहे. गाडीत बसून बोलणारे कुणी आहेत का इथे? की फोंड्यात एखाद्या वाचनालयात तासाभरासाठी खोली मिळते? कुणाला माहीत असेल तर इथे लिहा किंवा व्यनि करा.